उकिरड्यातला महापुरुष

हसायचंच असेल तर आधी पेला खाली ठेवा, म्हणजे चहा नाकात जाणार नाही. कारण आता जो घोटाळा सांगणार आहे तो घरच्या घरी झाकून टाकण्यासारखा नव्हता. चार माणसांत, साहेबासमोर, आणि तोही मी स्वतः फावडं हातात घेऊन केलेला.

मघापासून तुम्ही आपापल्या पूर्वजांच्या बढाया मारताय. कोणाचा पणजा पेशव्यांकडे होता, कोणाचा खापरपणजा वसईच्या लढाईत होता. असतील बुवा! पण मी एकदा कल्याणला दोन हजार वर्षांपूर्वीचा महापुरुष उकरून काढला होता. हो, मीच! असं एकमेकांकडे बघू नका, ऐका.

तेव्हा मी ठाण्याच्या कचेरीत नकलनवीस होतो. नकलनवीस म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही तो सुखी. एकाने लिहिलेलं दुसऱ्याला पाठवायचं म्हणून तिसऱ्याने तीन वेळा लिहून काढायचं, आणि काय लिहिलंय ते त्याने वाचायचंही नाही. सात वर्षं मी हे केलं. बोटाला घट्टा पडला, पाठीला बाक आला. वरिष्ठांनी माझ्याविषयी काय म्हटलं असेल तर एवढंच, की धोंडोपंतांचं अक्षर चांगलं आहे.

धोंडो हे नाव कसं पडलं तेही सांगतो, पुढे लागेल. माझ्या आधीचे दोघे भाऊ राहिले नाहीत. म्हणून तिसऱ्याला दगडाचं नाव ठेवलं, की यमाचंही लक्ष जाऊ नये. यमाचं गेलं नाही हे खरं, पण कचेरीत बढती देणाऱ्यांचंही गेलं नाही.

माझ्या शेजारच्या बैठकीवर इनास बसे. ठाण्यातल्याच जुन्या किरिस्ताव घरातला. बाप भातशेती करणारा, काका खाडीत होडी घालणारा, आणि हा एकटा शिकून कचेरीत आलेला. स्वभावाने थंड. दिवसाला दहा वाक्यं बोलायचा, पण त्यातली आठ मला टोचायची.

त्याच सुमारास वसईकडच्या एका गावी एक टेकाड खणलं गेलं. आत दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, असं करत करत सगळ्यांत आत सोन्याचा. आणि त्या सोन्याच्या डबीत काय, तर मातीच्या भांड्याच्या खापऱ्या! खुद्द बुद्धाच्या भिक्षापात्राच्या म्हणे. वर्तमानपत्रात आलं, आणि अख्ख्या ठाणे जिल्ह्याला खणायची खाज सुटली.

कचेरीच्या ओट्यावर रोज नवा शोध येऊन पडायचा. एकाने फुटका तवा आणला, ताम्रपट म्हणून. एकाने नौपाड्याच्या विहिरीतून जात्याची अर्धी तळी काढली आणि हे पांडवांच्या रथाचं चाक म्हणून सांगितलं. एक जण तर म्हशीची दाढ घेऊन आला, राक्षसाची म्हणून. ती परत दिली तर तो केवढा रागावला! येताना वाटेत त्याने ती साऱ्या आळीला दाखवली होती.

हे सगळं तपासायला एक साहेब आले होते. जुन्या वस्तूंचे साहेब. माणूस सज्जन, पण मराठी मुनशीकडून शिकलेले, त्यामुळे आपल्या कोणाहीपेक्षा शुद्ध बोलायचे. त्यांची एक लांबलचक वही होती. तिच्यात पाच रकाने. वस्तू काय, कोठे सापडली, कोणत्या काळची, कोणाची, आणि हल्ली कोठे आहे. पावसाळा सरल्यावर ते सबंध जिल्ह्याच्या दौऱ्यावर निघणार होते आणि मदतीला एक लिहिता-वाचता माणूस घेणार होते.

मला ती जागा हवी होती. किती हवी होती म्हणून सांगू! लेणी बघायची, शिलालेखांवर ओला कागद चिकटवून ठसे घ्यायचे, तंबूत राहायचं. आणि मुख्य म्हणजे, आयुष्यात एकदा तरी पहिल्यांदा काहीतरी लिहायचं. दुसऱ्याचं उतरवून काढायचं नाही.

मी धीर करून साहेबांना विचारलं. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"धोंडोपंत, आपण एका महिन्याच्या आत मला एक अस्सल वस्तू दाखवावी," साहेब म्हणाले. "तिला धुऊ नये. तिला घासू नये. जशी सापडेल तशीच असावी."

"कुठे शोधू, साहेब?"

"राजांनी कोरविलेले लेख असत्य असू शकतात. मनुष्य जे फेकून देतो, त्यावरूनच तो आपणांस खरा कळतो. उकिरडा कधी खोटे बोलत नाही."

हे वाक्य मी तीन वेळा लिहून काढलं. सवयच ती.

पुढचे तीन रविवार मी उन्हातान्हात वणवण केली. अंबरनाथच्या देवळामागचं रान तुडवलं, डोंबिवली गावच्या बांधांवरून फिरलो. काट्यांखेरीज काही लागलं नाही. शेवटी तहानेने जीव कासावीस होऊन कल्याणला मामाच्या घरी जाऊन पडलो.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. कल्याणच्या वेशीला लागून त्याचं घर, मागे मोठं परसू, आणि डोंबिवलीच्या वाटेवर थोडी भातशेती. माझं आजोळच ते. मी गेलो तेव्हा मामा परसात गाडी लावून, पावसाआधी खत शेतावर नेण्याच्या गडबडीत होता. गडी उकिरडा उपसत होते.

आणि मला दिसलं! अहो, वरून गोल, उतरता, सगळीकडून सारखा. माझ्या छातीइतका उंच. वर्तमानपत्रातल्या वर्णनात आणि त्याच्यात काडीचा फरक नव्हता.

"मामा, थांबा! हात लावू नका कोणी!"

"का रे? विंचू आहे का?"

"हा स्तूप आहे."

मामाने डोक्याचा पंचा सोडून तोंड पुसलं. "धोंडू, हा उकिरडा आहे. माझ्या डोळ्यांदेखत वाढलाय. त्यातलं निम्मं शेण आपल्या कपिलेचं आहे."

"वर असेल कपिलेचं. तळाशी काय आहे ते तुम्ही पाहिलंय?"

"तळाशी कोण बघतं? थोडा थर ठेवूनच उपसतो आम्ही दरसाल."

"मग?" मी म्हटलं.

वकिलाने म्हणावं तसं मी ते 'मग' म्हटलं, आणि मामाने पंचा पुन्हा डोक्याला गुंडाळला. मामा माझ्याहून मोठा असला तरी कचेरीत काम करणाऱ्या भाच्याचा त्याला अभिमान होता. तोच त्याला नडला.

गड्यांना बाजूला करून मी धोतराचा काचा मारला आणि स्वतः खणायला लागलो. वास काय म्हणता! पण संशोधकाला वास येत नाही. तळाशी, परसाच्या कोपऱ्यात, पेरूच्या जुन्या खोडाजवळ फावडं खणकन वाजलं. वीट! तिच्याशेजारी दुसरी वीट. तिसरी. विटांचं एक पुरतं गोल कडं!

मामा खाली वाकला. गडीही वाकले.

कड्याच्या मधोमध एक सपाट दगड. दगडाखाली मातीचं मडकं. मडक्यात तांब्याची लोटी, तोंडाला फडकं बांधलेली. ते फडकं हात लावताच विरलं. आणि लोटीत, मेणाने तोंड बंद केलेला, काळा पडलेला एक चांदीचा करंडक!

मामाने त्या खड्ड्यासमोर जे लोटांगण घातलं, ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्याखाली कपिलेचं शेण होतं याची त्याने पर्वा केली नाही.

ओसरीवर नेऊन मी सुरीच्या टोकाने मेण काढलं आणि झाकण उघडलं. झाकणावर मोर कोरलेला. मोर! मौर्यांची खूण! आत खडे मीठ, घट्ट झालेलं. मिठात पिवळट पूड, एक वाळकं फळ, एक गंजका खिळा, एक हिरवं पडलेलं नाणं, आणि अगदी मधोमध, करंगळीच्या पेराएवढं, तपकिरी, सुरकुतलेलं काहीतरी.

"हाड का रे?" मामाने दबक्या आवाजात विचारलं.

"शारीर धातू," मी म्हणालो. "थोर पुरुषांचे अवशेष असे जपून ठेवत."

काहीही न धुता, न घासता मी झाकण लावलं, करंडक मामाच्या देव्हाऱ्यात ठेवला आणि उकिरड्याला पुढचा हुकूम होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही असं बजावलं. मामाचं खत तिथेच राहिलं.

आगगाडीने ठाण्याला घरी आलो तेव्हा वडील झोपाळ्यावर होते आणि आई वाती वळत बसली होती. माझं तोंड पाहूनच तिने विचारलं, काय झालं म्हणून. मी उभ्या उभ्याच सुरुवात केली.

"आई, अगं मामाच्या उकिरड्याच्या तळाशी विटांचं कडं लागलं! त्यात मडकं, मडक्यात तांब्याची लोटी, आणि लोटीत..."

"करंडा," आई म्हणाली.

"करंडक," मी तिची चूक सुधारली.

आता शहाण्या माणसाला इथे शंका आली असती की नाही? मला नाही आली. मी आपला पुढे चाललो.

आईच्या हातातली वात तशीच राहिली. "मोर आहे का रे त्याच्यावर?"

"आहे की! मौर्यांचा."

"कोणाचा?"

"मौर्यांचा. तू नाही ओळखत त्यांना."

"धोंडू, ते पेरूजवळ होतं का? अरे, ऐक जरा माझं..."

"आई! हे सम्राट अशोकाच्या वेळचं आहे. तू होतीस का तेव्हा?"

वडिलांना माझं हे बोलणं फार आवडलं. झोपाळा थांबवून ते हसले. "तिला काय विचारतोस? लग्नात मी घातलेला चांदीचा करंडा कुठे गेला ते अजून सांगता येत नाही तिला, आणि अशोकाचं सांगत्येय!"

हा टोमणा आमच्या घरात जुना होता. दर संक्रांतीला, हळदीकुंकवाची तयारी करताना आईने आपला लाकडी करंडा काढला की वडील तो मारायचेच. आई कधी उत्तर द्यायची नाही. त्या दिवशीही दिलं नाही. वात पुरी वळली आणि एवढंच म्हणाली, "साहेब येतील तेव्हा मी येते कल्याणला."

मला वाटलं, फराळाचं करायला येत असेल.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी इनासला सगळं सांगितलं. त्याने बोरू खाली ठेवला, म्हणजे त्याला नवल वाटलं होतं.

"आमचे देवलान पन संताचं हाड हाय," तो म्हणाला. "पन त्याचेबरोबर कागूद हाय. कोनाचं हाड, तं लिवलेला. तुजा साधू कोन?"

"ते ठरायचंय अजून."

"नाव नाय, गाव नाय, न् तू पाया परतंस?"

"इनास, तुला पुराणवस्तूंतलं काय कळतं?"

"काय नाय कलत," तो म्हणाला. "म्हनून तं इचारतंय." आणि तो पुन्हा लिहायला लागला.

इकडे कल्याणात गोष्ट फुगत चालली. गड्यांनी बाहेर सांगितलं, मामाने आळीत सांगितलं, आणि लोक दर्शनाला यायला लागले. कोणी म्हणे मोठा ऋषी, कोणी म्हणे नाथपंथी सिद्ध. एका बाईच्या गाईने दूध चोरायचं सोडलं, तिने नारळ आणून ठेवला. एका गृहस्थांची जुनी शिंक थांबली. मामा रोज सकाळी आंघोळ करून करंडकाला फुलं वाहायचा, आणि मग परसात जाऊन न हललेल्या खताकडे बघत उभा राहायचा. आकाशात ढग जमायला लागले होते. पण बोलत नव्हता बिचारा. माझ्या बढतीचा प्रश्न होता ना!

पंधराव्या दिवशी साहेब आले.

मामाने ओसरी सारवून घेतली होती, कुठूनशी एक खुर्ची मागून आणली होती. वडील पगडी घालून तक्क्याला टेकले होते. आई आणि मामी माजघराच्या दाराआड. अंगणात निम्मी आळी. साहेबांबरोबर ती लांब वही घेऊन इनास आला होता, कारण मी स्वतः शोधक, मी वही कशी धरणार?

मी स्वच्छ उपरणं पसरून त्यावर करंडक ठेवला आणि झाकण काढलं. साहेब पुढे झुकले. त्यांनी मिठाचा खडा बोटाने चोळून जिभेला लावला.

"लवण."

"होय साहेब," मी तयारच होतो. "यावरून सिद्ध होतं की प्राचीन काळी समुद्र थेट कल्याणपर्यंत होता."

चिमट्याने एकेक वस्तू काढून साहेब उपरण्यावर मांडत होते. ते वाळकं फळ निघालं.

"बोधिवृक्षाचं फळ," मी म्हणालो.

"ही सुपारी आहे."

"त्या काळी सुपारीही असेल, साहेब."

गंजका खिळा निघाला. तो भिक्षूच्या काठीचा असल्याचं मी सांगितलं. मग नाणं निघालं. ते साहेबांनी उजेडात धरलं आणि घरात चिंच आहे काय, असं विचारलं.

"साहेब, घासू नये असं आपणच..."

"आपण घासू नये. मी घासावे."

चिंच आली. साहेबांच्या अंगठ्याखाली हिरवा रंग गेला, तांबं लाल दिसू लागलं, आणि हळूहळू एक तराजू उमटला.

"तराजू!" मी जवळजवळ ओरडलोच. "न्यायाचं चिन्ह! सम्राट अशोकाच्या..."

"कंपनी सरकार," साहेब म्हणाले.

"अं?"

"हा कंपनी सरकारचा पैसा आहे, धोंडोपंत."

अंगणात कुजबुज झाली. पण माणूस बुडायला लागला की हातपाय जास्तच मारतो. "मागाहून कोणी टाकला असेल, साहेब. उंदरानेही नेला असेल."

"करंडकाचे तोंड मेणाने बंद होते, असे आपणच मला लिहून कळविले आहे." मग त्यांनी चिमट्यात ती तपकिरी सुरकुतलेली वस्तू उचलली आणि डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ पाहिली. "हे अस्थि नव्हे. हे काय आहे? आणि मुख्य प्रश्न, हे कोणाचे आहे?"

इनासने वही उघडली होती. चौथ्या रकान्यावर त्याचा बोरू थांबला होता. सगळे माझ्याकडे बघत होते.

"त्यांना ते आधी खाली ठेवायला सांगा."

आवाज माजघराच्या दारातून आला. बघतो तर आई! डोक्यावरून पदर नीट घेऊन ती उंबऱ्यात येऊन उभी. इतक्या पुरुषांसमोर, साहेबासमोर, ती आयुष्यात कधी आली नव्हती.

"आई, आत जा गं! तुला यातलं काय..."

"मला सगळं माहीत आहे," आई म्हणाली. "तूच विचारलंस ना मला, तेव्हा तू होतीस का म्हणून? होते. मी होते तेव्हा. आणि तूही होतास. साहेबांच्या चिमट्यात आहे ती तुझी नाळ आहे, धोंड्या."

साहेबांनी चिमटा अतिशय हळूच खाली ठेवला.

मग आईने सांगितलं. कोणाकडे न बघता, खाली जमिनीकडे पाहत. "आधीचे दोघे गेले. हा तिसरा. इथेच झाला, माहेरी. सुईण म्हणाली, ह्याची नाळ अशी ठेवा की कुत्र्यामांजराला, करणी करणाराला, कोणाला सापडता नये. तिनेच हळद, सुपारी, पैसा आणि खिळा घातला. मिठात ठेव म्हणाली, म्हणजे टिकेल. नाळ टिकली की पोर टिकतं. मला वाटलं, मडकं फुटेल, म्हणून मडक्यात लोटी घातली. लोटीही गंजेल असं वाटलं. मग माझ्याजवळ मोलाचं म्हणावं असं एकच होतं, त्यात ठेवली. पेरूपाशी पुरली, खूण म्हणून भोवती विटा लावल्या, आणि वर उकिरडा घातला, म्हणजे कोणी उकरणार नाही. कोणाला सांगितलं तर गुण जातो म्हणाली ती. नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही. म्हणून नाही सांगितलं."

वडील तक्क्यावरून उठले. उपरण्याजवळ आले, काळा पडलेला करंडा उचलून त्यांनी मोरावरून बोट फिरवलं. अठ्ठावीस संक्रांतींचे टोमणे त्यांना आठवत होते हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मला मात्र भडभडून आलं. खोटं कशाला बोलू? ज्या बाईने मला जगवायला आपलं स्त्रीधन उकिरड्यात पुरलं, तिला मी विचारलं होतं, तू होतीस का तेव्हा!

पण धड रडूही दिलं नाही मला कोणी. कारण तेवढ्यात मामाला उलगडा झाला.

"म्हणजे धोंड्या," तो म्हणाला, "पंधरा दिवस मी तुझ्या नाळेला फुलं वाहिली?"

"मामा..."

"लोटांगण घातलं मी तुला! शेणात!"

अंगणात एक जण हसला, आणि मग काय विचारता! गाईवाली बाई तिथल्या तिथे नारळ परत मागायला लागली. शिंक थांबलेले गृहस्थ लाजेने की धुळीने कोण जाणे, पण सणसणीत शिंकले. इनास तेवढा गंभीर. त्याने माझ्याजवळ झुकून हळूच म्हटलं, "आता कागूद लावाला हरकत नाय. नाव कललं."

साहेब मात्र हसले नाहीत. उठून उभे राहिले, टोपी काढली आणि आईला म्हणाले, "बाई, क्षमा असावी. आम्ही आपल्या वस्तूस विचारल्यावाचून हात लावला." मग माझ्याकडे वळले. "धोंडोपंत, मी आपणांस म्हणालो होतो. उकिरडा कधी खोटे बोलत नाही."

संध्याकाळच्या आत मामाने शेवटची पाटीसुद्धा शेतावर पोचवली. पेरूच्या खोडापाशी नवा खड्डा वडिलांनी स्वतः खणला. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, तू लांब उभा राहा, तुझं खणणं बघितलंय. मडकं, लोटी, नाळ, खिळा, सुपारी, सगळं आईने जिथल्या तिथे ठेवलं. करंडा ठेवताना तिने वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "ठेव. अजून जगायचंय त्याला." त्यानंतर आमच्या घरी संक्रांतीला लाकडी करंड्याविषयी कोणी अवाक्षर काढलं नाही.

आणि दौऱ्याची जागा? ती इनासला मिळाली. कचेरीतलं आमचं बोलणं साहेबांच्या कानावर गेलं होतं. म्हणाले, 'साधू कोण' हा योग्य प्रश्न सबंध प्रकरणात एकट्या त्याने विचारला. गेला की तो, तंबूबिंबू घेऊन! आणि जाताना साहेबांची ती लांब वही नकलेसाठी कोणाच्या पुढ्यात आली असेल?

पान उलगडलं. फुटका तवा, जात्याची तळी, म्हशीची दाढ, आणि त्याखाली इनासच्या अक्षरात एक नोंद. वस्तू काय: नाळ. कोठे सापडली: कल्याण, उकिरडा. कोणत्या काळची: अठ्ठावीस वर्षे. कोणाची: शोधून काढणाऱ्याची. हल्ली कोठे आहे: मूळ जागी पुरली असून, उरलेला मनुष्य नकल-खात्यात आहे.

मी तिच्या तीन प्रती काढल्या. अक्षर चांगलं आलं.